शिपाई, नट आणि शब्द

शिपाई आणि नट ह्या दोन व्यवसायांची नावे एका दमात घेतली तर ऐकणाऱ्यास थोडे विचित्र वाटते. शिपायाचे जगणे खरे आणि नटाचे खोटे. शिपाई मरतो तो कायमचा आणि नट मरतो तो पडदा पडेपर्यंत, अशी आपली रूढ समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु एखाद्या माणसाने आधी शिपाईगिरी केली, मग नटाचा पेशा पत्करला, आणि ह्या दोन्ही अनुभवांकडे थोडे दूर उभे राहून पाहत त्यांतील साम्य व भेद सांगितला, तर त्याचे म्हणणे लक्ष देऊन ऐकण्याजोगे असते. अमेरिकेतील नामवंत नट अ‍ॅडम ड्रायव्हर ह्यांचे उदाहरण असे आहे. २०१६ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात आणि वेळोवेळी दिलेल्या मुलाखतींत त्यांनी सैनिकी सेवा, अभिनयाचे शिक्षण आणि माणसाने स्वतःला घडविणे ह्या तीन गोष्टींसंबंधी आपले विचार मांडले आहेत. त्या विचारांचा परिचय करून देणे, आणि त्यांतून आपल्यासारख्या साहित्यप्रेमी मंडळींनी घेण्याजोगे काय आहे ते पाहणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी चरित्रात्मक माहिती सांगितली पाहिजे. ड्रायव्हर ह्यांचा जन्म १९८३ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे झाला. परंतु ते वाढले इंडियाना राज्यातील मिशावाका ह्या लहानशा गावी. त्यांचे सावत्र वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. २००१ साली शालेय शिक्षण पुरे झाले. न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड ह्या प्रसिद्ध कलाविद्यालयात नाट्यशिक्षणासाठी प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. मग घराच्या मागच्या खोलीत आईवडिलांना भाडे देऊन राहणे आणि व्हॅक्यूम क्लीनर विकण्यासारखी मिळतील ती कामे करणे, असा क्रम चालू झाला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे दहशतवाद्यांचे हल्ले झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ते मरीन कोअरमध्ये दाखल झाले. समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढण्यासाठी सिद्ध असलेले हे अमेरिकेचे स्वतंत्र लष्करी दल होय. आपण सैन्यात का गेलो ह्याची कारणे सांगताना देशप्रेम आणि सूडाची भावना ह्यांच्या जोडीला ते तिसरेही एक कारण प्रांजळपणे सांगतात: त्या वेळी आपण दुसरे काहीच करीत नव्हतो. लष्करात जाणाऱ्या हजारो तरुणांची मनःस्थिती ह्या तीन कारणांच्या मिश्रणातच सापडेल, असे आम्हांस वाटते.

कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन येथील तळावर ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफा चालविणाऱ्या तुकडीत त्यांची नेमणूक झाली. तेथील दिवस त्यांना मनापासून आवडले. शस्त्रे, तोफा, स्फोटके ह्यांचे आकर्षण तर होतेच. पण पुढे आठवण राहिली ती माणसांची. देशाच्या नाना कोपऱ्यांतून आलेली, वरवर पाहता परस्परांशी काहीही साम्य नसलेली ती माणसे होती. ज्या अभिनिवेशाने आपण सैन्यात गेलो तो हळूहळू विरघळून गेला आणि मरीन दल म्हणजे आपले मित्र एवढाच अर्थ मनात उरला, असे ते सांगतात. तुकडी इराकला जाण्यास काही महिने उरले असता डोंगरात सायकल चालविताना त्यांना अपघात झाला आणि छातीच्या मधल्या हाडास दुखापत झाली. सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांच्या नोकरीनंतर वैद्यकीय कारणास्तव त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. मित्र युद्धावर निघाले आणि ते मागे राहिले. युद्धावर जावे लागत नाही म्हणून कोणासही हायसे वाटेल, अशी आपली कल्पना असते. ड्रायव्हर ह्यांना मात्र हा प्रसंग अतिशय जिव्हारी लागला. ज्यांनी सैनिकी गणवेश घातलेला नाही त्यांना हे समजणे अवघड आहे, असे ते म्हणतात, आणि ते खरेच असले पाहिजे.

नागरी जीवनात परतल्यावर त्यांनी ज्युलिअर्डमध्ये पुन्हा परीक्षा दिली. ह्या खेपेस प्रवेश मिळाला. सैन्यात इतके सोसल्यावर नागरी जीवनातील अडचणी त्या काय, अशी त्यांची धारणा होती. नट म्हणून जम बसला नाही तर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उघड्यावर राहू, इथवर मनाची तयारी होती. पण घडले ते वेगळेच. उपासमार किंवा दगदग ह्यांचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो अर्थ हरवल्याचा. सैन्यात प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो. रणभूमीवर विडी ओढायची नाही, कारण ठिणगीने शत्रूला ठावठिकाणा कळतो. ध्वजाचे वाद्य वाजू लागले की तिकडे तोंड करून उभे राहावयाचे, कारण आपल्यापूर्वी जे गेले त्यांचा तो मान आहे. गणवेशाची घडी, चालण्याची पद्धत, बोलण्याची रीत ह्यांच्यामागे एक तर परंपरा असते किंवा व्यवहार असतो. खांद्यावरचा हुद्दा माणसाची पूर्वपीठिका सांगतो. बाहेरच्या जगात हुद्दा नाही. तेथे रोज नव्याने आपली लायकी सिद्ध करावी लागते. आणि ज्या लोकांनी गणवेशातील माणसास आदराने वाट करून दिली तेच लोक गणवेश उतरल्यावर त्याला ओळखत नाहीत.

येथे आपल्या नाट्यशास्त्रातील एका जुन्या विभागणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराच्या हालचालींचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेषभूषा व रंगभूषा ह्यांचा तो आहार्य, आणि अंतःकरणातील भाव अश्रू, कंप, रोमांच इत्यादी रूपांनी बाहेर प्रकट करणारा तो सात्त्विक. ही विभागणी नटासाठी केलेली आहे. परंतु ती शिपायास लावून पाहिली तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. कवायत म्हणजे आंगिकाचे अत्यंत कसोशीचे शिक्षण. गणवेश, बिल्ले, पट्टा, बूट म्हणजे आहार्य. त्याची काळजी शिपाई जितकी घेतो तितकी क्वचितच एखादा नट घेत असेल. ह्या दोन अंगांत शिपाई नटाच्या पुढे आहे असेच म्हणावे लागेल. परंतु वाचिक आणि सात्त्विक ह्या दोन अंगांचे काय? आज्ञा ऐकणे, तिला होकार देणे आणि ठराविक संक्षिप्त शब्दांत वर्दी देणे, एवढ्यावर शिपायाची वाणी संपते. भावना प्रकट करणे तर दूरच राहिले. ती आवरून धरणे हेच त्याचे कर्तव्य असते. ड्रायव्हर ह्यांना ज्युलिअर्डमध्ये जे मिळाले ते नेमके ह्या उरलेल्या दोन अंगांचे शिक्षण होय, असे आम्ही समजतो.

ते शिक्षण प्रथम त्यांच्या गळी उतरले नाही. हे विद्यालय संगीतासाठी फार पूर्वीपासून विख्यात. त्याचा नाट्यविभाग जॉन हाउसमन आणि फ्रेंच नाट्याचार्य मिशेल सँ-दनी ह्यांच्या प्रयत्नाने १९६८ साली सुरू झाला. आवाज, उच्चार, देहाची लवचीकता, कल्पनाशक्ती ह्यांची चार वर्षांची कडक तालीम तेथे दिली जाते. कल्पनेतील चेंडू खोलीच्या टोकापर्यंत फेकणे, स्वतःच स्वतःला जन्म देत आहोत असा अभिनय करणे, अशाही गोष्टी त्या तालमीत असतात. आपले सोबती बंदुका घेऊन परदेशी तैनात असता आपण येथे हे चाळे करीत आहोत, ही टोचणी त्यांच्या मनाला सतत लागून राहिली. ह्या टोचणीवर उपाय म्हणून त्यांनी सैनिकी शिस्तच विद्यालयात आणली. निवासापासून विद्यालयापर्यंतचे अंतर धावत काटणे, आहार मोजून मापून घेणे, दिवसाचा प्रत्येक तास हिशेबाने घालविणे, आणि वाचनालयात बसून नाटकांमागून नाटके वाचून काढणे असा तो क्रम होता. मिशावाकासारख्या गावात जे पाहावयास वा वाचावयास मिळाले नव्हते ते सारे भरून काढण्याची ही धडपड होती.

आत्मसुधारणेचा हा भाग सर्वांस अनुकरणीय वाटेल. पण त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती ड्रायव्हर ह्यांनी लपवून ठेवलेली नाही. स्वतःस लावलेली कसोटी त्यांनी वर्गबंधूंसही लावली. पलटणीत जसे परखड बोलतात तसे ते वर्गात बोलत, आणि त्या बोलण्याने काही जणांच्या डोळ्यांत पाणी आले. शिस्त ही स्वतःवर चालविण्याची गोष्ट आहे; तीच दुसऱ्यावर चालविली की तिचे रूप जुलमाचे होते. सैन्यात तो कठोरपणा खपतो, कारण तेथे ढिलाईची किंमत प्राणांनी मोजावी लागते आणि बोलणारा व ऐकणारा दोघेही ते जाणतात. तालमीच्या खोलीत ते कारण नसते. आत्मसुधारणा म्हणजे स्वतःला अधिकाधिक कठोर करणे, असे ज्यांस वाटते त्यांनी ह्या अनुभवाचा अवश्य विचार करावा. ज्याला कठोर होणे आधीच साधले आहे, त्याची सुधारणा त्या कठोरपणाला मृदुत्वाची जोड देण्यात असते.

ती जोड त्यांना कशी मिळाली? येथे साहित्याचा संबंध येतो, आणि आमच्या मते ह्या सगळ्या चरित्रातील मर्म येथेच आहे. विद्यालयात त्यांनी जी नाटके वाचली व केली त्यांतील बहुतेकांचा युद्धाशी वा सैन्याशी कसलाही संबंध नव्हता. तरीसुद्धा त्या नाटकांतील पात्रे जे बोलत होती त्यात त्यांना आपल्याच सैनिकी जीवनातील अनुभव सापडू लागला. ज्याचे वर्णनच करता येणार नाही असे आजवर वाटत होते, असा अनुभव. तळावर असताना घरच्या ओढीने रजेवाचून पळून गेलेला मित्र, घटस्फोटाचे कागद हाती पडलेला मित्र, एकत्र केलेला शोक आणि एकत्र केलेला आनंद हे सारे त्यांनी पाहिले होते. पण त्या वेळी कोणापाशीही त्यासाठी शब्द नव्हते. शब्द नसले की भावना नाहीशी होत नाही. ती रागाच्या, अस्वस्थतेच्या, मारामारीच्या रूपाने बाहेर पडते. भावनेला प्रथमच शब्द मिळाले तेव्हा आपला आक्रमकपणा कमी होत गेला, अशी साक्ष ड्रायव्हर देतात. साहित्याच्या उपयोगासंबंधी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. साहित्य उपदेशासाठी की आनंदासाठी, हा वाद तर जुनाच आहे. त्या वादात न पडता हा माजी शिपाई आपल्याला एक साधी गोष्ट सांगतो: दुसऱ्या कोणी, दुसऱ्याच प्रसंगी लिहिलेले शब्द आपल्या उपयोगी पडतात, आणि ते सापडले की माणूस थोडा शांत होतो.

सैन्य आणि रंगभूमी ह्यांतील साम्य त्यांनी मोठ्या मार्मिकपणे सांगितले आहे. दोन्हीकडे काही माणसे स्वतःहून मोठ्या अशा एका कार्यासाठी एकत्र येतात. दोन्हीकडे प्रत्येकाला एक भूमिका असते आणि ती नीट ठाऊक असावी लागते. दोन्हीकडे एक नायक असतो, मग तो शहाणा असो वा नसो. दोन्हीकडे अगदी अनोळखी माणसांशी थोड्या काळात निकटचा संबंध जोडावा लागतो. आणि दोन्हीकडे स्वतःचे शरीर व मन सतत सज्ज ठेवावे लागते. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड ज्यांनी पाहिले वा ऐकले असेल त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. पहाटेची उठण्याची वेळ, रियाज, पंगत, मालकांचा धाक, गावोगावचे मुक्काम, आणि ताप असला तरी रात्री रंग लावून उभे राहणे ही त्या मंडळ्यांची रीत पलटणीहून फार निराळी नव्हती.

तथापि साम्य दाखविताना भेद विसरून चालणार नाही. शिपायाची तालीम भावनेला बाजूस सारून कृती घडावी म्हणून असते; नटाची तालीम भावनेतून कृती घडावी म्हणून असते. शिपायाने कवायतीत जे अंगी मुरवले ते प्रसंगी विचार न करता घडले पाहिजे. नटाने तालमीत जे मुरवले ते दर रात्री जणू प्रथमच घडत आहे असे वाटले पाहिजे. आणि सर्वांत मोठा भेद हा की, नटाची चूक दुसऱ्या प्रयोगात सुधारता येते. म्हणून नटाने आपल्या कष्टांची तुलना शिपायाच्या कष्टांशी करताना पायरी ओळखली पाहिजे. ड्रायव्हर ती ओळखतात. अभिनय ही कला आहे, धंदा आहे, राजकीय कृतीही आहे, असे सांगून ते पुढे म्हणतात की ती एक सेवाही आहे. आपली सैनिकी सेवा अपुरी राहिली, म्हणून सैनिकांच्या उपयोगी पडण्याची संधी आपणांस मोलाची वाटते. नटाला शिपायाची बरोबरी करावयाची नसून त्याच्या कामी यावयाचे आहे, हा ह्या विचाराचा विशेष आहे.

हा विचार त्यांनी कृतीतही आणला. विद्यार्थी असतानाच, पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या सहाध्यायी जोअ‍ॅन टकर ह्यांच्या साहाय्याने, त्यांनी ‘आर्ट्स इन द आर्म्ड फोर्सेस’ नावाची संस्था काढली. सैनिकांच्या करमणुकीसाठी तळांवर जे कार्यक्रम होत, त्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांत शिपायाच्या बुद्धीला कमी लेखले जाते, असे त्यांचे मत झाले होते. ज्या माणसावर जीवनमरणाचा निर्णय सोपविला जातो त्याला विचार करावयास लावणारे नाटक पेलणार नाही, असे मानणे हा त्याचा अपमानच होय. म्हणून ही मंडळी समकालीन अमेरिकन नाटकांतील निवडक स्वगते किंवा एखादे संपूर्ण नाटक घेऊन लष्करी तळांवर जात व ते वाचून दाखवीत. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, प्रकाशयोजना नाही. केवळ नट आणि संहिता. भरताच्या भाषेत सांगावयाचे तर आहार्याचा त्याग करून सगळा भार वाचिकावर टाकला होता. भरताने वाणीला नाट्याचे शरीरच म्हटले आहे, ह्याची येथे आठवण होते. कॅम्प पेंडलटन, बेथेस्डा येथील वॉल्टर रीड हे सैनिकी रुग्णालय, कुवेतमधील कॅम्प अरिफजान, जर्मनीतील बव्हेरियाचा तळ, अशा अनेक ठिकाणी हे प्रयोग झाले. सैनिक व माजी सैनिक ह्यांच्या नाट्यलेखनासाठी संस्थेने पारितोषिकही ठेवले होते. म्हणजे शिपायाने शब्द ऐकावेत एवढ्यावर न थांबता त्याने ते लिहावेत, इथवर तिची मजल गेली. २०२३ साली ही संस्था विसर्जित झाली. तिचे आयुष्य फार लांबले नाही, पण तिने दाखविलेली वाट बुजलेली नाही.

आणि ती वाट मुळात नवी नाहीच. पाश्चात्त्य नाटकाचा उगमच शिपायांच्या समाजात झाला. ग्रीक नाटककार एस्किलस हा इ. स. पू. ४९० मध्ये मॅरॅथॉनच्या लढाईत लढला होता, आणि परंपरेने त्याचा म्हणून सांगितला जाणारा समाधिलेख त्याच्या नाटकांचा उल्लेखही न करता त्या रणांगणावरील पराक्रमाचा तेवढा उल्लेख करतो. सॉफोक्लीझ अथेन्सचा निवडून आलेला सेनापती होता. त्याच्या ‘एजॅक्स’ ह्या नाटकातील वीर अपमानाने वेडा होतो, शत्रू समजून गुराढोरांची कत्तल करतो, आणि शुद्धीवर आल्यावर लाजेने आत्महत्या करतो. लढून परतलेल्या माणसाच्या मनाची ही अवस्था पाहणाऱ्या प्रेक्षकांतही लढून परतलेलेच पुष्कळ असत. २००८ साली ब्रायन डोअरीझ ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने सॉफोक्लीझच्या नाटकांतील प्रवेश सॅन डिएगो येथे सुमारे ४०० मरीन सैनिक व त्यांचे जोडीदार ह्यांच्यापुढे वाचून दाखविले. नंतरच्या चर्चेसाठी पाऊण तास ठेवला होता. ती तीन तासांहून अधिक चालली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शब्दांनी आजच्या शिपायाचे तोंड उघडले, ह्याहून साहित्याच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा तो कोणता हवा?

ड्रायव्हर ह्यांच्या चित्रपटांतील दोन भूमिकांतही ही शिस्त व शब्दांची जोडी पाहावयास मिळते. दोन्ही चित्रपट २०१६ चे. मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांच्या ‘सायलेन्स’ मध्ये सतराव्या शतकातील जपानात छळ सोसणाऱ्या जेझुइट पाद्र्याचे काम करण्यासाठी त्यांनी आपले वजन सुमारे ५० पौंडांनी उतरविले. हे शिपायाच्या शरीरनिग्रहाचेच काम म्हणावे लागेल. जिम जार्मुश ह्यांच्या ‘पॅटर्सन’ मध्ये ते एका बसचालकाच्या भूमिकेत दिसतात. त्या भूमिकेसाठी ते बस चालविण्यास शिकले, आणि त्याचा परवानाही त्यांनी मिळविला. हा बसचालक रोज बस सुरू करण्यापूर्वी व जेवणाच्या सुट्टीत वहीत कविता लिहितो. त्या कविता कोणाला दाखवीत नाही, छापून आणीत नाही. त्याच्या घरात त्याचे मरीन गणवेशातील छायाचित्र दिसते. त्याविषयी चित्रपटात फारसे कोणी बोलत नाही. परंतु हा शांत, अबोल माणूस पूर्वी शिपाई होता, आणि आता तो रोज थोडे शब्द जुळवितो, एवढे कळल्यावर प्रेक्षकास जे समजावयाचे ते समजते.

मराठी वाचकाने ह्या सगळ्याकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही. शाहीर आणि शिपाई ह्यांचे नाते आपल्याकडे शिवकालापासूनचे आहे. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर आणि तुळशीदासाने सिंहगडावर रचलेले पोवाडे लढवय्यांच्या समाजासाठीच होते. पेशवाईत मोहिमेवरून परतलेल्या शिपायापुढे शाहिराने जशी वीरगाथा गायिली, तशीच मोहिमेवर गेलेल्या पुरुषाची वाट पाहणाऱ्या स्त्रीची व्यथाही लावणीत मांडली. म्हणजे शिपायाचा पराक्रम आणि त्याच्या घरचे रितेपण ह्या दोहोंनाही आपल्या वाङ्मयाने शब्द दिले होते. आपल्या काळात ह्याच वाटेने, परंतु उलट्या दिशेने गेलेले नट म्हणजे श्री. नाना पाटेकर. मराठी रंगभूमीवर नाव मिळविल्यानंतर त्यांनी १९९१ साली ‘प्रहार’ हा सैनिकी जीवनावरील चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, त्यासाठी लष्कराबरोबर राहून शिक्षण घेतले, आणि १९९९ साली कारगिलचे युद्ध पेटले तेव्हा ते जवानांमध्ये जाऊन राहिले. एक जण पलटणीतून रंगभूमीवर आला, दुसरा रंगभूमीवरून पलटणीत गेला. दोघांनाही मधल्या भिंतीत दार असल्याचे आढळले.

‘साधना’ हा आपल्या भाषेतील शब्द ह्या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. स्तानिस्लाव्हस्की ह्या रशियन नाट्याचार्याच्या ग्रंथाचा अनुवाद करताना के. नारायण काळे ह्यांनी त्यास ‘अभिनयसाधना’ हे नाव दिले. साधनेत शिस्त आहेच. पण नुसती शिस्त म्हणजे साधना नव्हे. साधनेला साध्य असावे लागते, आणि ते साध्य स्वतःपलीकडचे असावे लागते. केवळ स्वतःच्या उत्कर्षासाठी केलेली आत्मसुधारणा माणसास अधिक कार्यक्षम करील, अधिक चांगला करीलच असे नाही. ड्रायव्हर ह्यांनी धावून, वाचून, उपाशी राहून जे कमावले त्याला मोल आले ते त्यांनी तळावरच्या मित्रांसाठी शब्द परत नेले तेव्हा.

शेवटी एक विचार वाचकांपुढे ठेवून हा लेख पुरा करतो. महाराष्ट्राबाहेरील आपली जुनी मराठी केंद्रे पाहिली तर त्यांपैकी कितीतरी लष्करी छावण्यांच्या शेजारी वसलेली आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे. इंदूरजवळ महू, ग्वाल्हेरला मुरार, हैदराबादला लागून सिकंदराबाद. ह्या गावांत आपल्या साहित्यसंस्था, वाचनालये आणि हौशी नाट्यमंडळे आहेत. आणि त्याच गावांत नोकरी संपवून परतलेले मराठी बोलणारे जवान, हवालदार, सुभेदार आहेत. ध्वजदिनास वा विजयदिनास आपण त्यांस व्यासपीठावर बोलावतो, शाल व श्रीफळ देतो, त्यांच्या शौर्याविषयी दोन शब्द बोलतो. पण त्यांच्यापुढे कधी एखादे चांगले नाटक नुसते वाचून दाखवितो काय? वाचनानंतर त्यांस बोलावयास अवसर देतो काय? त्यासाठी नाट्यगृह नको, पडदे नकोत, अनुदानही नको. वाचनालयाची एक खोली, चार बरे वाचणारे आणि एक संहिता एवढ्यावर ते भागते. शिपायाच्या मौनाला आपण शौर्याचे लक्षण समजून नमस्कार करीत आलो आहोत. त्या मौनात शौर्याबरोबर आणखीही काही अडकून पडलेले असू शकते. ते मोकळे होण्यास शब्द हवेत, आणि शब्दांचे भांडार सांभाळण्याचे काम तर साहित्यसंस्थांनी आपण होऊन पत्करलेले आहे. भांडाराचे दार छावणीच्या बाजूसही उघडावे, एवढीच आमची विनंती आहे.